हनुवटी वर

कवळीवाले हरू लागले तेव्हा त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त स्वतःला वगळलं. दातांच्या कवळ्या घडवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एवढं कळायला हवं होतं की ठणकणारा दात बहुधा आपल्याच तोंडात असतो. पण वर्षानुवर्षं बुद्धिबळाच्या क्लबाच्या संघात पहिल्या, म्हणजे मानाच्या पटावर बसलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

दुसऱ्या पटावर त्यांचे साडू बसत. साडूंचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे दर रविवारी दोघांचा डाव रंगायचा. नवी खेळी सुचली की कवळीवाले आधी साडूंना दाखवत आणि मग क्लबात वापरत. आता मात्र ते असेच हरत राहिले तर पहिला पट साडूंकडे जाणार होता. हा हिशेब डोक्यात शिरला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

हरण्याची तऱ्हाही विचित्र होती. यांनी मनातल्या मनात बेत आखावा आणि समोरच्याने तो हाणून पाडावा. यांची जी बाजू कच्ची, तिथेच नेमका घाव.

"घरातलंच कुणीतरी फितूर झालंय," ते बायकोला म्हणाले.

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल बोलताय ना?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"घरात आणखी कोण खेळतं? मी?" असं म्हणून ती तणतणत उठून आत गेली.

साडू मात्र रविवारी भलतंच काहीतरी सांगायचे. "साडूभाऊ, चष्म्याचं जरा बघा. नव्या काचा बसवल्यापासून तुमचा खेळ बिघडलाय."

कवळीवाले तोंडदेखलं हसले. म्हणे चष्मा! जुन्याच फ्रेममध्ये चांगल्या दुहेरी काचा बसवून घेतल्या होत्या, वरून लांबचं दिसायचं, खालून जवळचं. मोहरे कसे लख्ख दिसत. चोर दुसरीकडे बोट दाखवतो, ते असंच. पुढच्या रविवारी साडूंनी पुन्हा तेच सांगितलं आणि कवळीवाल्यांची खात्रीच पटली.

मग त्यांनी सापळा लावला. "शनिवारी वजिरापुढचं प्यादं काढणार," असं फक्त साडूंच्या कानावर घातलं आणि शनिवारी काढलं राजापुढचं. समोर क्लबातलाच एक बस-कंडक्टर होता. तो पहिल्याच खेळीला थबकला. कपाळाला आठ्या घालून कितीतरी वेळ बसून राहिला. सापडला! याला नक्कीच वेगळं सांगितलेलं होतं. त्या आनंदात कवळीवाले तोही डाव हरले.

सोमवारी ते तरातरा साडूंच्या दुकानात गेले. साडू एका भाजीवाल्याच्या काट्याचं पारडं समतोल करत होते.

"काटा मारायची सवय खेळातही लागली वाटतं," कवळीवाले म्हणाले. भाजीवाला समोरच उभा होता, त्याचीही त्यांना चाड राहिली नाही.

साडूंनी हातातलं वजन खाली ठेवलं. "या दुकानातून एकही खोटा काटा बाहेर गेलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. संध्याकाळी क्लबात साडूंचा निरोप आला, की संघात माझं नाव धरू नका.

रविवार रिकामा गेला. कवळीवाल्यांनी एकट्यानेच पट मांडला आणि उचलून ठेवला. पुढच्या शनिवारी काय खेळणार ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगायला कुणी उरलंच नव्हतं. तरीही ते हरले. आता कुणाला धरायचं?

दोन दिवसांनी कंडक्टर वडिलांच्या कवळीचं माप घेऊन त्यांच्याकडे आला. कवळीवाल्यांना राहवेना. "त्या दिवशी पहिल्याच खेळीला अडलात का हो?"

"फोन बंद केला होता की नाही, तेच आठवेना. मध्येच वाजला असता तर डाव गेला असता."

"खरं सांगा. माझे बेत तुम्हाला कोण पुरवतं?"

कंडक्टर हसत सुटला. "अहो, तुम्हीच की! मोहरा हलवायचा असला की आधी हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या काचेतून त्याच्याकडे बघता. मग जिथे न्यायचाय त्या घराकडे बघता. जिथे भीती वाटते तिथे तर हनुवटी वरच राहते. आम्ही पट बघतच नाही, हनुवटी बघतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"साडू म्हणाले होते, मी सांगतो. आम्हाला मात्र चांगलं झापलं त्यांनी, लाज असेल तर पट बघून खेळा म्हणून. आम्ही कसले ऐकतो!"

कवळीवाल्यांनी हातातला साचा खाली ठेवला. चोर त्यांच्याच नाकावर बसला होता, आणि ज्याने तो दाखवला त्यालाच त्यांनी चारचौघांत चोर ठरवलं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी चष्मेवाल्याकडे चष्मा टाकला, साध्या काचा बसवायला सांगितल्या आणि तसेच भिंतीच्या कडेकडेने साडूंच्या दुकानात गेले.

"मी चुकलो," ते दारातूनच म्हणाले. "फार वाईट बोललो."

"चष्मा कुठाय?"

"तुम्ही सांगितलं होतं ना, बघा म्हणून. दिलाय बदलायला."

थोड्या वेळाने गल्ल्यावर पट मांडल्याचा आवाज आला. कवळीवाल्यांना नुसते काळेपांढरे ठिपके दिसत होते. घोडा कुठला, प्यादं कुठलं, पत्ता लागेना.

"माझे डोळे आज तुम्हीच," ते म्हणाले.

खेळ सुरू झाला. साडू आपली खेळी सांगत, यांची लावून देत. बऱ्याच वेळाने कवळीवाल्यांनी विचारलं, "माझ्या उंटाच्या वाटेत काय आहे?"

साडू गप्प झाले. एरवी या गप्प बसण्यावर कवळीवाल्यांनी आठवडाभर विचार केला असता. आज ते नुसते थांबले.

"माझा वजीर," साडू म्हणाले. "आत्ताच चुकून ठेवला. त्याला जोर नाही, फुकटात मिळेल."

"घेऊ?"

"घ्या की," साडू म्हणाले, आणि त्यांचा चाचपडणारा हात धरून त्यांनी तो आपल्याच वजिरापाशी नेला.