आर्डव्हीनचं शेवटचं पिंप

टोरमड मॅकिलॉपनं नमुन्याची बाटली कोटाच्या आतल्या खिशात, अगदी छातीशी धरून आणली. गोदामापासून तपासणीच्या खोलीपर्यंत मैलभर चाल, बाहेर हिमाचा कडाका, आणि बाटलीत आर्डव्हीन भट्टीच्या शेवटच्या पिंपातली व्हिस्की. भट्टी पाडून त्रेचाळीस वर्षं झाली. तिथं आता मेंढ्या चरतात. जगात उरलं होतं ते एवढं एकच पिंप, आणि त्यातलाही मद्यार्क दरवर्षी थोडाथोडा उडून चाललेला.

चाळीस टक्के भरला, तर बाटल्यांवर आर्डव्हीनचं नाव लागणार. कणभर कमी भरला, तर कायद्यानं ती व्हिस्कीच नाही. मग नावही कायमचं गेलं.

तपासायला बसली होती उना, लॅकलनची मुलगी. लॅकलन आणि टोरमडनं मिळूनच ते पिंप भरलं होतं. लॅकलन मरेपर्यंत सांगत होता, "आता तरी बाटल्या भर." टोरमड हटून बसला. म्हणे, अजून मुरू दे.

उनानं नमुना उंच भांड्यात ओतून त्यात मद्यार्क मोजायचा काचेचा मापक सोडला. तो बराच वेळ डुलत राहिला.

"एक्केचाळीस!" उना ओरडलीच. "काका, एक्केचाळीस! बाबा उगाच तुमच्या नावानं बोटं मोडायचे."

डोळे पुसत ती आकडा लिहायला वळली. थर्मामीटर टेबलावर तसाच पडून होता. टोरमडनं गारठलेला हात सहज भांड्याला लावला. भांडं कोमट होतं. त्याच्याच अंगाची ऊब ती! गरम दारू आकडा फुगवून दाखवते, हे भट्टीवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नमुना असा कवटाळून आणतं का कुणी? शुद्ध म्हातारचळ.

गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? उनाचं पेन कागदावर टेकलं.

"थांब पोरी. गरम किती आहे, ते बघितलंच नाहीस."

उनानं थर्मामीटर बुडवला. चोवीस अंश; खरं माप वीस अंशांवर धरतात. तिनं आकडा दुरुस्त करायचा तक्ता उघडला. तिचं बोट खाली खाली सरकत गेलं.

"एकोणचाळीस पूर्णांक चार," ती कशीबशी म्हणाली. "काका, तुम्ही बोलला नसतात तर..."

"तुझा बाप बोलला असता. त्याचं ऐकलं असतं, तर ही वेळच आली नसती. मी घालवलं गं ते नाव. मीच."

उनानं छापून आणलेल्या लेबलांचा गठ्ठा पालथा घातला. टोरमडनं त्यातलं एक ओढून काढलं, घडी घालून आतल्या खिशात ठेवलं. खिसा अजून गरम होता.