ब्लूबेरीवाल्यांचा आरडाओरडा

एल्डन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून होडीचं पोट घासत होता, आणि हे सगळं ठरवूनच चाललंय असा आव त्याने आणला होता.

आमच्या बेटांवर ही जुनी रीत आहे. शिडाची होडी वाळूत रुतली, की तिचा मालक ताबडतोब ब्रश घेऊन पाण्यात उतरतो आणि तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडायला लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, की बुवाने ओहोटी साधून साफसफाईसाठीच होडी इथे आणून टेकवली आहे. बघणारा काही फसत नाही, कारण त्यानेही कधी ना कधी असाच ब्रश चालवलेला असतो. तो नुसता हात हलवतो आणि आपल्या कामाला लागतो. त्या सकाळी बंदरातल्या सगळ्या होड्यांवरून असेच हात हलत होते.

मी मात्र हात हलवला नाही. मी माझ्या छोट्या मोटरबोटीत पावाची टोपली ठेवली आणि सरळ तिकडे निघाले.

इथे हिवाळा काढायला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही आडनावाने ओळखत नाही, होडीच्या नावाने ओळखतो. ब्लूबेरीवाले म्हणजे एल्डन आणि मार्नी, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे. तो शाळेची बस चालवायचा, ती दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसून लोकांना वेळा द्यायची. नोकऱ्या संपल्यावर दोघांनी ही जुनी होडी घेतली. तिकडे बर्फ पडायला लागलं, की एक्झुमा बेटांच्या रांगेत बेटामागून बेट करत आमच्यापर्यंत यायचं, माझ्याकडून नारळाचा पाव घ्यायचा, आणि मग दक्षिणेच्या निर्मनुष्य बेटांवर जाऊन वसंतापर्यंत राहायचं, हा त्यांचा नेम होता. मार्नीची आणि माझी मैत्री या पावावरच झाली. सुरुवातीला ती मला ‘मिस ओझेला’ म्हणायची. मग एका वर्षी तिने माझ्या भट्टीत स्वतःचा पाव जाळला आणि तेव्हापासून मी नुसती ओझेला झाले.

बंदरात या दोघांचं मोठं नाव होतं. होडी आत आणून नांगर टाकणं हा इथला रोजचा फुकट तमाशा आहे. एकजण पुढच्या टोकावर उभा राहून पाण्याचे रंग बघतो, दुसरा मागे सुकाणू धरतो. पांढरट पाणी म्हणजे वाळू वर आलेली, हिरवं म्हणजे चालेल, गडद निळं म्हणजे खोल आणि सुखाचं, आणि तपकिरी म्हणजे खडक, तिकडे फिरकायचं नाही. पुढचा ओरडतो, इंजिनाच्या आवाजात मागच्याला ऐकू येत नाही, मागचा भलतीकडे वळवतो, आणि मग लग्नापासूनची सगळी उणीदुणी निघतात. बाकीचे लोक आपापल्या होडीवर पेला घेऊन मजा बघत बसतात. ब्लूबेरी आत यायची ती मात्र एकही शब्द न बोलता. एल्डन पुढे उभा राहून नुसता हात हलवायचा, मार्नी त्या हाताकडे बघून चाक फिरवायची. ती पाण्याकडे बघतच नसे. कित्येक बायका आपल्या नवऱ्यांना कोपराने ढोसून म्हणायच्या, बघा, याला म्हणतात संसार.

त्या दोघांनाही याचा अभिमान होता, आणि तिथेच सगळी अडचण होऊन बसली होती.

आदल्या रविवारी चर्चमधून परतताना मार्नी माझ्याशेजारून चालत होती. चालता चालता ती म्हणाली, “त्याला दिसत नाहीये, ओझेला.”

मी म्हटलं, मला ठाऊक आहे. मला ठाऊक होतंच. माझ्या पावाच्या दुकानात येऊन तो माझ्या बहिणीशी मी समजून बोलला होता, आणि माझी बहीण माझ्या दुप्पट आहे. पण मार्नीचं दुखणं निराळं होतं. दक्षिणेची वाट खडकांमधून जाते. तिथे पाणी वाचता आलं नाही, तर होडी फुटते आणि मदतीला कोणी नसतं. तो कबूल करत नव्हता. हिला वाटत होतं, आपण विषय काढला तर तो मुकाट्याने होडी विकेल आणि घरी जाऊन खिडकीपाशी बसेल. “बोलले तर होडी जाईल,” ती म्हणाली, “आणि नाही बोलले तर आम्ही जाऊ.”

आणि आता गुरुवारी, नांगराची जागा बदलायला निघालेली ब्लूबेरी आमच्या धक्क्यासमोर एका अंगावर कलंडून बसली होती.

मी जवळ गेले तेव्हा एल्डनने मान वर न करताच विचारलं, तळ कसा स्वच्छ झालाय बघितलंस का. मी म्हटलं, आरसा झालाय अगदी. मग त्याने आपण होऊन सांगितलं, की समोर काळसर पट्टा दिसला, ढगाची सावली असेल म्हणून सरळ जाऊ दिलं, तर निघालं वाळूवर उगवलेलं गवत. अशी चूक इथे सगळ्यांच्या हातून होते. मी वर आकाशाकडे बघितलं. सकाळपासून आकाशात कापसाएवढासुद्धा ढग नव्हता. तरी मी गप्प बसले, आणि मला ओळखणाऱ्या कोणालाही हे खरं वाटणार नाही.

मार्नी तिरक्या बाकावर पाय रोवून बसली होती. भरती यायला वेळ होता. मी माझी बोट त्यांच्या होडीला बांधली, पाव कापला, तुरीचे दाणे घालून केलेला भात डब्यात आणला होता तो वाढला. तिघांनी कलत्या होडीवर बसून जेवण केलं. एल्डन बरंच बोलला, वाऱ्याबद्दल, इंजिनाबद्दल, पुढच्या आठवड्यात दक्षिणेला निघण्याबद्दल. मार्नी हूं हूं करत होती.

दुपारी पाणी चढलं. होडीने आळस दिल्यासारखं अंग हलवलं आणि सरळ झाली. एल्डन उठून सवयीने पुढच्या टोकाकडे गेला आणि तिथून त्याने इंजिन चालू करायला सांगितलं.

मार्नीने केलं नाही. “तू इकडे ये,” ती म्हणाली. “सुकाणू तू धर. पुढे मी उभी राहते.”

“तुला पाणी कळत नाही, मार्नी.”

“तुला दिसत नाही, एल्डन.”

माझ्या हातात माझ्या बोटीचा दोर होता. तो सोडून जावं की धरून राहावं ते मला कळेना. एल्डन म्हणाला, ढगाच्या सावलीने कोणीही फसतं.

“ढग नव्हता,” मार्नी म्हणाली. “आणि ढगाच्या सावलीत बगळा उभा राहत नाही. तिथे बगळा उभा होता, गुडघाभर पाण्यात. आपण येईपर्यंत आपल्याकडेच बघत होता.”

एल्डनने मान वळवली. मग त्याने हळूच विचारलं, “तुला बगळा दिसला होता?”

“दिसला होता.”

“मग वळवली का नाहीस?”

“कारण इथे वाळू आहे. पुढच्या आठवड्यात खडक असता.”

एवढी वर्षं ज्या बाईने त्याच्या हाताबाहेर एक वीतभर होडी वळवली नव्हती, तिने त्या दिवशीही वळवली नव्हती. फक्त या वेळी ती डोळे उघडे ठेवून त्याच्या हातामागून गेली होती. मला तिचा राग आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

एल्डन होता तिथेच खाली बसला. पाय बाहेर सोडून, आमच्याकडे पाठ करून. घरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शरद ऋतूतच सांगितलं होतं, तो म्हणाला. मधलं जातं, कडेचं राहतं. चष्म्याने काही होणार नाही. हे वर्ष आठवणीवर काढू असं त्याने ठरवलं होतं, कारण इथलं पाणी त्याला पाठ होतं. गेल्या वादळाने वाळू सरकवली असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

“तुझ्याकडे बघितलं की तू नाहीशी होतेस,” तो म्हणाला. “बाजूला बघितलं की परत येतेस. मग मी आपला बाजूला बघतो.”

मार्नी रडली. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे. मग ती डोळे पुसून चिडली, आणि तिची चिडायची पाळी होतीच. “मी होडी विकायला लावीन या भीतीने तू मला खडकावर न्यायला निघाला होतास का?” असं तिने विचारलं. शेवटी तो उठला, दोर धरत धरत मागे आला आणि चाकावर हात ठेवून म्हणाला, “तुला पाणी वाचायला जमलं तर जाऊ. नाही जमलं तर इथूनच घरी, आणि होडीला गिऱ्हाईक बघू. मी तोंड वाकडं करणार नाही.”

असा सौदा ठरला.

दुसऱ्या दिवसापासून ऊन डोक्यावर आलं, की ब्लूबेरी नांगर उचलून बंदरात फिरायला लागली. मार्नी पुढे, एल्डन मागे. आता हाताच्या खुणांचा उपयोग नव्हता, सगळं ओरडूनच सांगावं लागत होतं. आणि काय ओरडणं ते. ती “तपकिरी” म्हणून किंचाळायची, तो “कसलं तपकिरी?” म्हणून विचारायचा, कारण गवतही तपकिरी दिसतं आणि खडकही. ती म्हणायची जळक्या टोस्टसारखं, तो म्हणायचा, तुझा टोस्ट की माणसांचा. खडकाच्या काठाला पिवळट झाक असते, गवताच्या काठाला हिरवट, हे तो तिला रोज सांगायचा आणि ती रोज विसरायची. एकदा तर तिने पोहणाऱ्या कासवाला खडक समजून होडी उलटी फिरवायला लावली.

सगळं बंदर बघत होतं. ज्यांचं उदाहरण लोक देत होते, तेच आता सगळ्यात मोठ्याने भांडत होते. शेवटी रोजच्या सकाळच्या रेडिओवर, जिथे हवामान, चर्चची वेळ आणि कोणाच्या होडीवर कांदे जास्त झालेत हे सगळं सांगितलं जातं, तिथे फ्लोरिडाच्या एका होडीवरून कोणीतरी विचारलं, ब्लूबेरी, तुमच्याकडे सगळं ठीक ना?

मार्नीने रेडिओ उचलला. “ठीक आहे,” ती म्हणाली. “एल्डनला दिसत नाही, मला कळत नाही. दोघांचा मिळून एक माणूस करायचं चाललंय. थोडा गोंगाट होईल.”

घराघरात, होडीहोडीवर हे ऐकू गेलं. मी पीठ चाळता चाळता थांबले. जी गोष्ट तो डॉक्टरकडून घेऊन आला आणि उशीखाली लपवून ठेवली, ती तिने सकाळच्या कांद्यांच्या भावात वाटून टाकली होती.

त्यानंतर एल्डन माझ्याकडे पावाला येईना. मार्नी एकटीच यायची आणि त्याचं काही बोलायची नाही. मला वाटलं, संपलं. पुरुषाचा मान म्हणजे काय चीज असते ते मला माझ्या नवऱ्याने चांगलं शिकवलं होतं. पण दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी दुकानाच्या दारात तो उभा राहिला, मान जराशी तिरपी करून.

“ओझेला, तूच आहेस ना?”

“नाही, गव्हर्नर आहे. काय पाहिजे?”

तो हसला. त्याला दोन पाव हवे होते, आणि वाटेसाठी आणखी चार. म्हणाला, आता सगळ्यांना कळलंय त्यामुळे चालताना बरं वाटतं, समोरून येणारा आपणहून नाव सांगतो. मग माझ्या हातावर हात ठेवून त्याने सांगितलं, की काल बंदराच्या तोंडाशी मार्नीने त्याला दोन खडकांमधून नेलं. एकदाही चुकली नाही. आणि तो अख्खा वेळ घाबरून घामाघूम झाला होता. “बिचारी इतकी वर्षं अशीच माझ्या मागे उभी असेल,” तो म्हणाला. “मला वाटायचं, अवघड काम पुढच्याचं असतं.”

बुधवारी ती दोघं निघाली. त्यांची मुलगी फोनवर काय बोलली असेल ते मी सांगत नाही, कारण तिच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. आंधळा होत चाललेला म्हातारा आणि गवत न ओळखणारी म्हातारी खडकांमधून निघालीत, हे कोणालाही शहाणपणाचं वाटणार नाही. मला स्वतःला वाटलं नव्हतं. मी सकाळी जाऊन पाव देऊन आले, मार्नीला घट्ट मिठी मारली आणि घरी येऊन कणीक मळायला बसले. त्यांना जाताना बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

पण पाण्यावरून आवाज लांब जातो, आणि माझी खिडकी दक्षिणेला आहे.

आधी नांगराची साखळी वाजली. मग इंजिन सुरू झालं, आणि मग तिचा आवाज. हिरवं. हिरवं. पांढरं येतंय, डावीकडे घे, आणखी डावीकडे. त्याचं “घेतलं” ऐकू यायचं. मग तपकिरी, उजवीकडे, पिवळ्या काठाचं आहे, खडकच आहे, हळू, हळू, तस्संच. माझे हात पिठात तसेच राहिले. मग बराच वेळ काहीच आलं नाही, फक्त इंजिन. मी मनातल्या मनात येशूला नको नको ते वायदे करून बसले.

“निळं!” मार्नी ओरडली.

म्हणजे बाहेर पडली होती. खोल पाणी लागलं होतं. आता पुढे ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. एल्डनने इंजिन बंद केलं आणि शीड भरल्याचा आवाज आला. मी पुन्हा कणकेत हात घातला.

तेवढ्यात त्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

“कसलं निळं?”

खोल पाण्यात निळं कसलं आहे हे कळून सुकाणूला काहीच फरक पडत नाही. मार्नीला हे आता माहीत होतं. तरी ती सांगायला लागली. आता होडी वाऱ्याबरोबर लांब जात होती, त्यामुळे मला शब्द कळले नाहीत, पण ती बराच वेळ सांगत होती.