शून्यावर न येणारा काटा

कपाटाला तीन फळ्या आहेत. वरच्या फळीवर काचेची चार चंचुपात्रे, त्यांतले एक तडकलेले. मधल्या फळीवर दोन चुंबक, एक भिंग आणि सहा परीक्षानळ्या. खालच्या फळीवर तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, बरणीतला एक बेडूक आणि कडेच्या खिळ्याला मी. एकूण सोळा वस्तू. बाहेरून एक कुलूप.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर अडकवायला कडी, खाली आकडा, मध्ये पितळी तबकडी आणि तिच्यामागे कुणाला न दिसणारी स्प्रिंग. आकड्याला ओझे लटकवले की स्प्रिंग ताणली जाते आणि सुई पुढे सरकते. ओझे काढले की स्प्रिंग आखडते आणि सुई मागे येते. तबकडीवर शून्यापासून पंचवीस किलोपर्यंत आकडे आहेत. पंचवीसच्या पुढे काय असते, हे मला आयुष्यात एकदाच कळले.

माझी उमेदीची वर्षे इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या मासळी बाजारात गेली. नानाय लूस पाल्मारेस यांच्या ठेल्यावर मी टांगलेला असे. तिथे आईला नानाय म्हणतात आणि लूसबाई अख्ख्या बाजाराच्या नानाय होत्या. दुसऱ्या ठेल्यावर मासळी घेतलेली गिऱ्हाइकेही वजन पडताळायला माझ्याकडे येत. माझी सुई थांबली की भांडण थांबत असे. एखाद्या काट्याला याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

एके सकाळी दोन व्यापारी एका मोठ्या माशावरून इरेला पेटले. एक म्हणाला तीस किलो, दुसरा म्हणाला पस्तीस. नानाय "अरे, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी तो माझ्या आकड्याला अडकवलासुद्धा. सुई पंचवीस ओलांडून तबकडीच्या कडेला जाऊन आपटली. मासा काढल्यावर ती मागे आली. पण शून्यापर्यंत आली नाही. दोन बारीक रेघा अलीकडेच थांबली. तेव्हापासून मी रिकामा असतानाही दोनशे ग्रॅम दाखवतो. स्प्रिंग एका मर्यादेपलीकडे ताणली गेली, तर ती पूर्वीइतकी आखडत नाही. त्यात तिचा दोष नसतो.

नानायने सुई शून्यावर आणायचा माझा स्क्रू पिळून पाहिला. खाऱ्या वाऱ्याने तो गंजून बसला होता. "गिऱ्हाइकांना दोनशे ग्रॅम हवा विकू का आता?" असे म्हणत तिने मला खाली उतरवले आणि धाकट्या मुलीच्या हाती दिले. ही मुलगी, जोवेलिन, गावच्या माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. शाळेच्या प्रयोगशाळेत तेव्हा एकही काटा नव्हता.

पहिले काही महिने मजेत गेले. मुलांनी माझ्यावर दप्तरे तोलली, नारळ तोलले, एक चिडलेली कोंबडीही तोलली. मग कार्यालयातून एक साहेब आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांवर पांढऱ्या रंगात क्रमांक घातले. आता आम्ही सरकारी मालमत्ता होतो. एखादी वस्तू फुटली किंवा हरवली, तर ती शिक्षिकेच्या माथी. म्हणून कुलूप आले. पुढे वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, दार उघडत असे. आमची मोजणी होई आणि दार बंद होई. वापराने झिजण्यापेक्षा न वापरता गंजणे फार हळू असते, आणि त्याचा आवाजही होत नाही.

कपाटाच्या फटीतून मला अर्धा फळा आणि एक टेबल दिसे. शाळा सुटल्यावर जोवेलिन मॅम त्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसत. परदेशात नोकरी मिळण्याआधी तिचा उच्चार केला तर ती हातची जाते, असे त्या भागात सगळेच मानतात. त्यामुळे त्या बंद खोलीत बसून मुलाखतीची तयारी करत. हे फक्त नेनिता मॅमना ठाऊक होते. त्या स्वयंपाकशास्त्र शिकवत आणि कुणाचेही गुपित जेमतेम दुपारच्या जेवणापर्यंत टिकवत.

"तुझी बहीण बघ," नेनिता मॅम एकदा म्हणाल्या, "बॅग भरली आणि गेली. तू मात्र आधी नोकरी, मग विमान! अशाने म्हातारी होशील गं."

"मनांग गेली म्हणूनच तर," जोवेलिन मॅम म्हणाल्या.

मनांग म्हणजे थोरली बहीण आर्लिन. ती गणिताची शिक्षिका होती. 'आधी हाँगकाँगला जा, शाळेचं मग बघू,' असे एजंटने सांगितले आणि ती घरकामाला म्हणून गेली. दोन वर्षांत शाळा शोधणार होती. नऊ वर्षे झाली, ती अजून दुसऱ्यांच्या मुलांचे डबे भरत होती. आईचा ठेला वादळात गेल्यापासून घर तिच्याच पैशांवर चालले होते. धाकटीने कमवायला सुरुवात केली, तरच थोरलीला परत येता येणार होते.

तोच एजंट आता धाकटीच्या मागे लागला होता. फोनवरचा त्याचा आवाज कपाटापर्यंत येई. "मॅम, तुमच्या बहिणीच्याच इमारतीत घरकामाची जागा आहे, बाराव्या मजल्यावर. दोघी बहिणी लिफ्टमध्ये भेटाल रोज! शुक्रवारपर्यंत सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्याकडे दहाजणी उभ्या आहेत."

"मी शिक्षिका आहे."

"तिथे सगळ्याच शिक्षिका आहेत, मॅम. बाराव्या मजल्यावर तर मुख्याध्यापिका होत्या."

त्याच आठवड्यात अलास्कातल्या एका शाळेने जोवेलिन मॅमना मुलाखतीला बोलावले. नदीकाठचे छोटे गाव, विज्ञान शिक्षकाची जागा. त्यांची एकच अट होती: वीस मिनिटे खऱ्या मुलांना शिकवताना आम्हाला संगणकावरून बघू द्या.

मित्रांनो, आमच्या शाळेतली एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. कुणी मोठे माणूस वर्ग बघायला येणार असले की मुलांना आदल्या दिवशी पाठ देतात. प्रश्न विचारताच सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येते त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. मॅम फक्त उजव्यांना विचारतात. पाहुण्यांना दिसतो हातांचे रान झालेला वर्ग. ही लबाडी आहे असे तिथे कुणाला वाटत नाही. पाहुण्यांसमोर घर आवरावे, तशी ही रीत.

जोवेलिन मॅमनीही तेच केले. मला बाहेर काढले आणि फळ्याच्या खिळ्याला टांगले. पाठ सोपा होता: दगड हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा, वजन किती घटते ते पाहायचे. माझी खोड त्यांना माहीत होती. म्हणून त्यांनी दगड आधी बाजारात नेऊन चांगल्या काट्यावर तोलून आणला आणि मुलांकडून आकडे घोकून घेतले. हवेत चार किलो. पाण्यात अडीच. फरक दीड.

सकाळी साडेसातला पडद्यावर तीन चेहरे उगवले. मध्ये पांढऱ्या वेणीच्या मुख्याध्यापिका होत्या. जोवेलिन मॅमनी दगड माझ्या आकड्याला लावला.

"किती वजन?"

बावन्न हात वर. चेरी मे नावाची मुलगी उठली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चार किलो, मॅम!"

माझी सुई चार किलो दोनशेवर होती. मला ओरडायचे होते. पण काट्याला सुईशिवाय जीभ नसते, आणि ती तर सगळ्यांसमोर उघडी होती.

पडद्यावरच्या बाई पुढे झुकल्या. "एक मिनिट. मला इथून सुई चारच्या पुढे दिसतेय. मुलीने चार कुठून वाचलं?"

चेरी मेचे कान लाल झाले. प्रकाश चमकला असे सांगता आले असते, कॅमेरा वाकडा आहे असेही सांगता आले असते. जोवेलिन मॅम मागच्या बाकावरच्या मुलाकडे वळल्या.

"रोजी, तू सांग. चार का नाही?"

"मी?" रोजी घाबरून म्हणाला. "मॅम, माझा डावा आहे."

बाकीचा वर्ग हसला. पडद्यावरचे तिघे हसले नाहीत.

"डावा म्हणजे काय?" वेणीवाल्या बाईंनी विचारले.

"म्हणजे त्याला उत्तर येत नाही," जोवेलिन मॅम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "येतं त्यांनी उजवा हात वर करायचा, असं मीच शिकवलंय. पाहुणे आले की आम्ही असं करतो. रोजी, हात खाली घे. इथे ये. दगड काढ आणि काय दिसतं ते सांग."

रोजीने दगड काढला. नाक तबकडीला लावले. "काहीच टांगलेलं नाही, तरी दोनशे."

"मग आपला पाठ चुकला का?"

"चुकला ना, मॅम. काटाच खोटा आहे."

मित्रांनो, मला खोटा म्हणणारा हा पहिलाच माणूस. तरीही मला बरे वाटले. त्याने माझ्याकडे पाहिले होते.

चेरी मे अजून उभीच होती. तिचे ओठ हलत होते. "नाही, मॅम," ती एकदम म्हणाली. "हवेत दोनशे जास्त दाखवतो, तर पाण्यातही दोनशे जास्तच दाखवेल ना? मग वजाबाकीत ते दोनशे जातील की."

"तोलून बघ."

तिने दगड पाण्यात सोडला. या वेळी ती माझ्याकडे टक लावून बघत होती. दोन किलो सातशे. तिने फळ्यावर वजाबाकी मांडली. दीड किलो. वीस मिनिटे संपली होती. "कळवतो," असे म्हणून तिन्ही चेहरे मावळले.

मुले गेल्यावर नेनिता मॅम आत आल्या. "डावा हात! अगं, त्या कार्ट्याला आज घरी तरी ठेवायचंस! माझ्या सगळ्या नोकरीत एकाही साहेबाला हे कळलं नाही, आणि तू अमेरिकेला सांगून मोकळी झालीस!"

"हो."

"आता?"

"आता बारावा मजला." जोवेलिन मॅमनी फोन हातात घेतला. एजंटचा क्रमांक काढला. मग फोन पालथा ठेवला. "शुक्रवारी करते. शुक्रवारपर्यंत तरी मी शिक्षिका आहे."

गडबडीत मला पुन्हा कपाटात ठेवायचे राहून गेले. फळ्याजवळ टांगल्या टांगल्या मी ते तीन दिवस पाहिले. त्या शिकवत आणि मधूनच लॅपटॉप उघडून बघत. शुक्रवारी दुपारी एजंटचा फोन वाजू लागला, तेव्हा त्या लॅपटॉपवर काहीतरी वाचत होत्या. फोन वाजत राहिला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. मग त्यांनी तो उचलला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला शाळा मिळाली."

विज्ञान शिक्षिका, सातवी ते बारावी. पत्राच्या शेवटी मुख्याध्यापिकांनी लिहिले होते की आमच्या शाळेतले काटेही धड नाहीत, तेव्हा तुम्ही लवकर या.

जाण्याआधी त्यांनी सोळा वस्तू कार्यालयाच्या ताब्यात मोजून दिल्या. मला बरोबर न्यावे असे त्यांच्या मनात होते. त्यांनी विचारलेही.

"सरकारी मालमत्ता आहे, मॅम," साहेब म्हणाले.

"हा माझ्या आईचा काटा आहे. आणि बिघडलेला आहे."

"बिघडलेली सरकारी मालमत्ता."

निरोपाचे जेवण प्रयोगशाळेतच झाले. शेवया अर्ध्या संपल्या होत्या तोच न्यायला जीपनी, म्हणजे तिथली लांबोडकी प्रवासी जीप, आली आणि जोवेलिन मॅम ताटावरून उठल्या. "ताटं फिरवा, ताटं!" नेनिता मॅम ओरडल्या. कुणी जेवणातून उठून प्रवासाला निघाले तर मागे राहिलेल्यांनी आपापली ताटे फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. सगळ्यांनी फिरवली. नेनिता मॅमनी आपले दोनदा फिरवले आणि मग पदार्थ तिखट झालाय म्हणत डोळे पुसले. त्यात मिरची नव्हती.

त्यानंतर कुलूप. त्यांच्या जागी कुणी आले नाही. विज्ञानाच्या तासाला खेळाचे सर मुलांना पटांगणात नेतात. मनांग आर्लिन डिसेंबरात परत आली. एकदा ती बहिणीचा वर्ग बघायला आली, खडूचा तुकडा हातात घेऊन उभी राहिली आणि काही न लिहिता तो जागेवर ठेवून गेली.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे फार मागणे नाही. तुमच्या शाळेत असे कपाट असेल तर ते उघडायला सांगा. आम्ही फुटलो तर फुटू. आमच्यावर काही टांगण्याआधी आम्ही रिकामे असताना काय दाखवतो ते पाहा. आणि उत्तर पाठ असले तरी एकदा सुईकडे बघा. ती बोलत असते.

जानेवारीत एका सकाळी कपाट उघडले. जोवेलिन मॅम पडद्यावरून भेटणार होत्या आणि त्यांनी मला टांगून ठेवायला सांगितले होते. त्यांच्याकडे आदल्या दिवसाची दुपार होती. अंगात जाड कोट, मागे खिडकी, खिडकीत निळसर अंधार.

"मॅम, बाहेर जाऊन दाखवा ना!" रोजी म्हणाला.

"बाहेर? पापण्या चिकटतात रे. शाळेतून घर, घरातून शाळा, एवढंच. शेजारी राहतात त्यांचा चेहरासुद्धा आठवडाभर दिसला नाही."

"म्हणजे कोंडूनच ठेवलंय तुम्हाला!"

"थोडंसं," त्या हसल्या. "पण शिकवते. अकरा मुलं आहेत. खूप प्रश्न विचारतात."

"घरी कधी येणार, मॅम?" चेरी मेने विचारले.

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आधी तुमच्या भिंतीवरचा तापमापक वाच. मी माझा वाचते."

त्यांनी खिडकीची काच बोटाने पुसली, बाहेरचा तापमापक पाहिला आणि सांगितले, उणे एकतीस. चेरी मे भिंतीपाशी गेली, टाचा उंचावून तिने नीट पाहिले आणि सांगितले, अठ्ठावीस. रोजीने फळ्यावर वजाबाकी मांडली. पहिल्यांदा तीन आले. त्याने पुसले, उणे चिन्हाकडे पुन्हा पाहिले आणि परत मांडले.

फरक एकोणसाठ अंश.