कारणाचा रकाना

दौलतरावांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला कॉम्प्युटर शनिवारी सकाळपासून नुसता घुंघुं करत होता. पंखे फिरत, दिवा लागे, पडदा मात्र काळाकुट्ट.

एकतीस वर्षं सिकंदराबादेत रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केलेला माणूस एका डब्यापुढं हात टेकतो म्हणजे काय? पण प्रश्न नुसत्या अब्रूचा नव्हता. राज्याचे दोन तुकडे झाले आणि सचिवालयात नोकरीला असलेली त्यांची लेक भामा आंध्राच्या वाट्याला गेली. सोमवारी तिला विजयवाड्याला हजर व्हायचं होतं. तिची अट साफ होती. रोज संध्याकाळी दोघांचे चेहरे मोठ्या पडद्यावर दिसणार असतील तर आईबाबा इथं राहतील, नाहीतर घराला कुलूप आणि दोघंही तिच्याबरोबर. मोबाईलवर मालनबाईंना लेकीचं तोंडसुद्धा धड दिसत नसे. आणि दौलतरावांना हे घर सोडायचं नव्हतं. म्हातारं झाड उपटलं तर कुठं लागतं, असं ते म्हणत. खरं म्हणजे ते घाबरले होते.

दुपारपर्यंत त्यांनी सारं करून पाहिलं. पडद्याची वायर बदलली. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, एकेक करून बसवल्या. पडदा ढिम्म. भामा बॅग भरता भरता आली आणि निकाल देऊन गेली.

"बाबा, दुकानवाल्यानं बोर्डच खराब दिला. परेशान नका होऊ. पाच वाजता सगळं वापस नेऊन देते. तुम्ही पण सामान बांधा, बस."

दौलतरावांनी पक्कड खाली ठेवली. मालनबाई मात्र सकाळपासून त्या उघड्या डब्यात डोकावत होत्या आणि हे काय, ते कशाला, ही त्यांची चौकशी संपत नव्हती. एरवी ते खेकसले असते. आता बुडत्याला काडीचा आधार.

हा मधला पंखा कुणासाठी, बाईंनी विचारलं. त्याखालची चिप म्हणजे या यंत्राचं डोकं, ते फार तापतं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी बेधडक पंख्याच्या बुडाशी बोट लावलं.

"तापतं कुठं? हे तर माठासारखं गार आहे."

दौलतरावांनी हात लावला. खरंच गार. वीस मिनिटं चालू असून गार, म्हणजे चिपला वीजच पोचत नव्हती. त्यांनी बटण बंद केलं, चष्मा पुसला आणि वीज कुठून यायला हवी ते चिपपासून मागं मागं शोधत गेले. बोर्डाच्या कोपऱ्यात एक चौकोनी सॉकेट रिकामं होतं.

त्याची वायर शोधायला लांब जावं लागलं नाही. रेल्वेच्या केबलमध्ये काही तारा जास्तीच्या असतात. पुढं लागतील म्हणून त्या नीट बांधून ठेवायच्या, ही त्यांची जन्माची सवय. इथंही उरलेल्या सगळ्या वायरी जास्तीच्या समजून त्यांनी मेणाच्या दोऱ्यानं आवळल्या होत्या. गाठी अशा देखण्या, की कुणाला शंका येऊ नये. चिपची वायर त्याच जुडीत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दोरा कापला, वायर खोचली, बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मालनबाईंनी आधी आनंदानं हात जोडले, मग हळूच बजावलं की भामाला यातलं काही सांगायचं नाही, आपोआप सुरू झाला म्हणायचं.

सल्ला शहाणपणाचा होता. खरं सांगावं तर लेक म्हणणार, बघा, तुमच्यानं होत नाही. पण नोकरीभर त्यांनी बिघाडाच्या वहीत कारणाचा रकाना कधी कोरा सोडला नव्हता, आणि "आपोआप सुरू" लिहिणाऱ्यांना फाडून खाल्लं होतं.

पाचला भामा बाहेर ऑटो थांबवून आत आली, पडदा पाहून थबकली. काय झालं होतं, तिनं विचारलं.

"बोर्ड चांगला आहे. चूक माझी. लागणारी वायर मीच बांधून ठेवली होती."

भामानं कापलेला दोरा उचलून पाहिला. मग खाली बसली.

"मला या डब्याचं टेन्शन नव्हतं, बाबा. तुम्ही पडद्यावर पण रोज ठीक आहे, ठीक आहे म्हणाल, त्याची भीती होती."

दौलतरावांनी मालनबाईंकडे पाहिलं. त्या मानेनं नको नको म्हणत होत्या.

"गेल्या महिन्यात न्हाणीत पडलो होतो," ते म्हणाले. "तेही तुला सांगितलं नाही."

भामाचे डोळे भरून आले. बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला परत पाठवायला उठली.

"आता सांगितलंत ना," ती दारातून म्हणाली. "मग राहा."