लाल रेघेच्या वरचं गाव

दर गुरुवारी सकाळी खामगाव तालुक्यातल्या कापूसवाल्या गावांच्या मोबाईलवर एक चित्र येऊन पडायचं. एकेका गावाचा एकेक उभा हिरवा खांब आणि त्या खांबांवरून आडवी गेलेली लाल रेघ. खांब रेघेच्या खाली असला तर निवांत राहायचं, वर गेला तर फवारणीचं औषध काढायचं. चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यालाही कळावं इतकं सोपं. ते चित्र काढणारी प्राची या सोपेपणावर भारी खूश होती. स्वतःवर खूश असलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही, तसंच तिचं झालं.

प्राची पिंपळगाव राजाची. कॉम्प्युटरचं शिकून ती खामगावातल्या एका शेतीसंस्थेत लागली होती, राहायलाही तिथंच. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. बीटी कपाशीला अळी लागत नाही या भरवशावर लोक गाफील राहिले आणि बोंडं आतून पोखरली गेली. मग घाबरून जो तो मिळेल ते औषध मारत सुटला आणि मारणारेच विषबाधेनं दवाखान्यात जाऊन पडले. प्राचीचा मोठा भाऊ इंद्रभान त्यांतलाच एक. तो वाचला. पण घरी आल्या आल्या आईनं, पुष्पाबाईंनी, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा पंप पाठीवर घेणार नाही. फवारायचंच झालं तर मजूर लावायचा.

यंदा संस्थेनं गावोगावच्या शेतांत कामगंध सापळे लावले. मादीच्या वासाला भुलून नर पतंग सापळ्यात अडकतात. ते मोजायचे आणि आकडा कळवायचा. एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडायला लागले की फवारणीची वेळ आली असं धरायचं. पुढचं सगळं सर्व्हरवर बसवलेला प्राचीचा कोड करायचा. तो आकडे घेई, खांब आखी, रंग भरी आणि तयार चित्र ग्रुपवर पाठवून देई. तेव्हा प्राची झोपेत असली तरी चाले. सुरुवातीला प्रत्येक खांबावर आकडाही असायचा. पण मोबाईलवर ते आकडे मुंग्यांसारखे दिसतात, आणि वाचतं कोण, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं ते काढून टाकले. चित्र आणखी देखणं झालं.

त्या गुरुवारी ती ऑफिसात आली तेव्हा शकीलभाई कागद पुढ्यात घेऊन चहा पीत होते. सापळ्यांचं सगळं काम त्यांच्याकडे होतं.

"मस्त गेला हप्ता," ते म्हणाले. "कोठीच रोजच्या तीनच्या वर पतंग नाही."

प्राचीनं पर्स ठेवता ठेवता मान डोलावली, आणि तिचा हात थांबला. सकाळी दात घासता घासता तिनं चित्र पाहिलं होतं. पिंपळगावचा खांब लाल रेघेच्या चांगला वर होता.

"तीन? आणि जिनिंगचा आकडा?"

"तो सापळा वाऱ्यानं पडला ना. या बारीले त्याचा आकडाच नाही."

तिनं कोड उघडला. सगळ्यात मोठ्या आकड्याचा खांब चित्राच्या टोकाला टेकवायचा आणि बाकीचे त्याच्या मानानं छोटे काढायचे, असं तिनं लिहिलं होतं. लाल रेघ मात्र तिनं एकदाच एका जागी ठोकून दिली होती. खामगावच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, अळ्या दडलेल्या सरकीचे ढीग, त्यामुळे तिथल्या सापळ्यात हटकून दहा-एक पतंग असायचे. तो खांब टोकाला जाई आणि रेघ आपोआप आठाच्या उंचीवर येई. चूक पहिल्या दिवसापासूनची होती, ती जिनिंगच्या पतंगांनी झाकून ठेवली होती. आता जिनिंगच नव्हतं, म्हणून तीन पतंग टोकाला जाऊन बसले. ज्या ज्या गावात तीन सापडले, ती सगळी गावं रेघेच्या वर दिसत होती.

कोड दुरुस्त करायला तिला काही मिनिटंच लागली, आणि याचाच तिला जास्त संताप आला. नव्या चित्रात सगळे खांब बुटके झाले. तिनं ते ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं की सकाळचं चित्र चुकीचं आहे, कोणी फवारू नका. सर्व्हरवरचं काहीही तिला बदलता येत होतं, पण लोकांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसलेलं चित्र आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. कोणी विचारलं, दोन्हीतलं खरं कोणतं? कोणी सकाळचंच पुन्हा पाठवलं: 'हेच खरं. मागच्या वर्षीबी काही नाही म्हनत होते.' गेल्या वर्षी पोळलेली माणसं ती, भीती दाखवणाऱ्या चित्रावर त्यांचा विश्वास जास्त.

"मी एकेका गावाले फोन लावतो," शकीलभाई म्हणाले. त्यांचा चहा तसाच राहिला. "तू आधी घरी लाव."

इंद्रभानचा फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा आईनं उचलला.

"दादा कोठी हाय?"

"वावरात गेला. मोबाईल अठीच खाटेवर पडेल हाय."

"मजूर भेटला का त्याले?"

"कोठचा मजूर? सकायपासून गावभर फिरला. समदे फवारणीले गेले, एक मानूस रिकामा नाही."

अख्ख्या गावानं एकाच वेळी ते चित्र पाहिलं होतं, मग मजूर मिळणार कुठून?

"आई, पंप खुंटीवर हाय का पाह्य बरं."

"माह्या डोक्यावर हात ठेवला हाय त्यानं."

"तू पाह्य तं खरी."

चपलांचा आवाज, गोठ्याचं दार करकरलं. "नाही वं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मी निंगते."

आईचे गुडघे धड नव्हते आणि वावर नाल्यापलीकडे. प्राचीनं शेजारच्या दोघा-तिघांना फोन लावून पाहिले, कोणी उचलेना. तिनं स्कूटी काढली.

रस्ता संपता संपेना. दोन्ही बाजूंच्या शेतांत माणसं पंप घेऊन चालत होती आणि प्रत्येक पाठमोरा माणूस तिला दादा वाटत होता. एका ठिकाणी गाडी थांबवून ती जीव तोडून ओरडली, "फवारू नका, चित्र चुकलं." पंपाच्या आवाजात त्या माणसाला काय ऐकू जाणार? ओळखीचं कोणी असेल असं समजून त्यानं हात हलवला आणि कपाशीच्या पुढच्या ओळीला, तासाला, लागला. यातल्या कोणाच्या शेतात तीन पतंग होते, कोणाच्या दोन. सगळे तिच्या रेघेपायी उन्हात उतरले होते. मनातल्या मनात तिनं गावातल्या मारुतीपासून दर्ग्यापर्यंत सगळ्यांना साकडं घातलं, एरवी ती कोणापुढे हात जोडत नसे.

नाला ओलांडताच औषधाचा उग्र वास आला. इंद्रभान कपाशीत कमरेएवढा दिसत होता, पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल. सदरा ओला होऊन अंगाला चिकटला होता.

"दादा, पंप ठेव खाली."

"काऊन आली तू भरदुपारी?" त्यानं रुमाल खाली केला. "दोनच तासं राह्यले. लाल रेघेच्या वर गेलं आपलं गाव, पाह्यलं नाही काय?"

"ठेव म्हनते ना."

तो हसला आणि पट्टा सोडायला गेला. बोटांना पट्टा सापडेना. दुसऱ्यांदा चाचपला, तरी सापडेना. "डोयासमोर भुरकं दिसून राह्यलं," तो म्हणाला आणि बांधावर बसता बसता आडवा झाला.

तिनं पट्टा सोडवला, सदरा फाडून काढला, घागरीतलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. तोवर रडत-लंगडत आई पोचली, तिच्या हाकांनी शेजारचे धावले, जीप मिळाली. खामगावच्या दवाखान्यापर्यंत प्राची त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचा श्वास बघत राहिली. मधेच तो थांबल्यासारखा वाटे आणि तिचाही थांबे.

तिन्हीसांजेला डॉक्टर म्हणाले, धोका टळला. आई कॉटच्या पायथ्याशी डोळे मिटून बसली होती. शकीलभाईंचा फोन आला. बऱ्याच गावांतले पंप थांबले होते, पण देऊळगावकडचा एक माणूस दुसऱ्या दवाखान्यात होता. बरा होता म्हणे. प्राचीला त्या 'म्हणे'ची धास्ती वाटली.

इंद्रभाननं डोळे उघडले.

"बरं झालं तुह्यं चित्र आलं," तो खोल आवाजात म्हणाला. "नाही तं औंदाबी गेली असती कपाशी. शपथ मोडली, पन तुह्यं चित्र होतं म्हून गेलो. दुसऱ्या कोनाचं असतं तं नसतो गेलो."

गप्प राहता आलं असतं. गावात कोणाला कोड कळत नव्हता, आणि वाचलेला माणूस खुशीत होता. पण तिला ते गिळता येईना.

"दादा, आपल्या सापळ्यात पतंग तीनच होते."

त्यानं उशीवरून मान तिच्याकडे वळवली. "मंग रेघ?"

"रेघ चुकीच्या जागी होती. माही चूक."

त्यानं मोबाईल मागितला. आईनं पदरातून काढून दिला. सलाईन नसलेल्या हातानं त्यानं तो पार डोळ्यांजवळ नेला आणि सकाळचं चित्र उघडून खांबावर बोट फिरवलं.

"यात तीन कोठी लिहेल हाय?"

"नाही लिहेल. आकडे काढून टाकले होते मी."

"काऊन?"

"वाटलं, कोनी वाचत नाही."

इंद्रभाननं मोबाईल छातीवर पालथा ठेवला. रागाचं नाव नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर, नुसता थकवा होता.

"मले तीन वाचता येते, प्राची," तो म्हणाला.