हिवाळ्यातले आकडे

"मामा, सही करा आणि मोकळे व्हा," साहेबांनी कागद पुढे सरकवला.

मामा म्हणजे आमच्या वेधशाळेतले सगळ्यात जुने निरीक्षक. बावीस वर्षं गच्चीवरच्या यंत्रातून सूर्याचं ऊन तपासून वरच्या हवेतला ओझोन मोजत आलेले. आणि कागदावर काय, तर 'यंत्रदोषामुळे हिवाळ्यातल्या सर्व नोंदी रद्द.' बावीस हिवाळे! एका सहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"का रद्द?" मामांनी विचारलं.

"उपग्रहाच्या आकड्यांशी जुळत नाहीत."

"उन्हाळ्यातल्या जुळतात?"

"तंतोतंत."

"म्हणजे उन्हाळ्यात यंत्र शहाणं आणि थंडी पडली की खुळं? अहो साहेब, दर महिन्याला मी ते ठरावीक उजेडाच्या दिव्यासमोर तपासतो. हिवाळ्यात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा ऊन तिरपं. ते वरच्या हवेतच विखुरतं, खालच्या थरापर्यंत धड पोचत नाही. उपग्रह वरून बघतो ते हवेतून उलटं परतलेलं ऊन. खालचं त्याला दिसत नाही, तेवढं तो अंदाजाने भरतो. मी खालून थेट सूर्याकडे बघतो, माझ्यापर्यंत येतं ते ऊन सगळे थर ओलांडून आलेलं."

"उपग्रहापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"सगळं नाही. आपल्या हिवाळ्यातलं कळतं."

नोंदी तारखेऐवजी सूर्याच्या उंचीप्रमाणे लावायच्या, बस, एवढंच काम होतं. मामांनी तसा तक्ता करून आणलाही होता. सूर्य जितका खाली, तितका फरक मोठा. दोष यंत्रात नाही, तिरप्या उन्हात उपग्रहाचा अंदाज चुकतो, हे शेंबडं पोरही सांगेल! साहेबांनी त्या तक्त्यावर चहाचा कप ठेवला.

"मी सही नाही करणार," मामा म्हणाले आणि गच्चीवर निघून गेले.

मग साहेब माझ्याकडे वळले. आमच्याकडे प्रत्येक नोंदीवर दोन निरीक्षकांच्या सह्या लागतात. गेली दोन वर्षं दुसरी सही माझी. "रद्द करायला एकीची पुरेल," ते म्हणाले. "तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय ना?"

मी केली सही. इतका वेळ साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि रद्द करणारी सही माझीच. सांगायला लाज वाटते, पेन पहिल्यांदा उमटलं नाही, तर मी ते झटकून पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला गच्चीवर गेले. मामांना सगळं कळलं होतं. वाटलं, आता खरडपट्टी काढतील. काढायलाच हवी होती. त्यांनी तबकडी फिरवत काटा शून्यावर आणला, आकडा वहीत लिहिला, सही केली आणि वही माझ्यापुढे धरली.

"हीसुद्धा रद्दच होणार ना, मामा?"

"होईल." ते यंत्रासमोरून बाजूला झाले आणि त्यांनी मला जागा करून दिली. "आधी आकडा बघ, पोरी. मग सही कर."