वजनावर विकलेला गेमचा डबा

मी एक गेमचा डबा. टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेट खोचायची, की झालो मी सुरू. कारखान्यातलं मला आठवत नाही. पण हिंगोलीच्या बाजारात शिवशंकरनं मला उचललं, तो दिवस पक्का ध्यानात आहे. शेजारी माझ्याहून देखणा डबा होता. शिवशंकर पडला मेंढरंवाला. कोकरू तोलावं तसं त्यानं एका हातात त्याला धरलं, दुसऱ्या हातात मला. "ह्यो भरलेला हाये," म्हणाला, अन् मी सेनगावच्या जीपमध्ये बसलो.

घरात माझा मोठा थाट. शिवशंकरची लेक कोमल दहावीला होती, तिच्या अंगठ्यापुढं कुणाचं चालत नसे.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात मेंढरांचा व्यापारी धर्मसिंग आला. चहा पिता पिता म्हणाला, "दिवाळीला नवं मशीन येऊन राहिलं. शीडीवर, त्या चकाकत्या तबकडीवर चालतं. भाच्याच्या दुकानात पहिला नग तुझा."

"बिट किती?" कोमलनं विचारलं.

"एकशे अठ्ठावीस."

"अन् मेमरी?"

"लई."

"लई म्हंजे किती, काका?"

"अगं, पाच किलो वजन हाये म्हणे! मेमरी असल्याबिगर एवढं वजन येतं व्हय?"

ही गोष्ट शिवशंकरला बराबर पटली. मशीन धर्मसिंगनंही पाहिलं नव्हतं. पण बदल्यात त्याला मेंढा हवा होता, कळपातला एकुलता एक, अन् तो आजच.

शिवशंकरची माय चंद्रभागाबाई लोकर पिंजत बसली होती. "मेंढा गेल्यावर पुढच्या साली कोकरं काय शीडी देईल?"

"आये, तुला यातलं काय कळतं?"

"गाभण मेंढी चाचपून पोटात एक हाये का दोन, ते मी सांगते. तू सांगतो का?"

तिनं मला मांडीवर घेतलं. चाचपलं, उलटं केलं, कानाशी हलवलं. आता माझं पितळ उघडं पडणार! माझ्या पोटात काय आहे, ते मला ठाऊक होतं ना!

"खडखडून राहिलं. कोमल, पेचकस आण."

चार पेच निघाले. आत तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर एक काळा ठिपका. माझी सगळी अक्कल तेवढीच. बाकी पोकळी. अन् तळाशी सैल झालेली जाडजूड लोखंडी पट्टी, कुठल्याच तारेला न जोडलेली.

"ही काहून ठेवली?" शिवशंकर म्हणाला.

"तुझ्यासारख्यासाठी!" माय म्हणाली.

कोमलनं पट्टी काढून मला टीव्हीला जोडलं. गेम होता तसाच पळाला. शिवशंकरनं ती पट्टी हातात तोलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "धर्मसिंग, मशीन आणा. इथं खोलू, कोमल खेळून बघंल. मग मेंढ्याचं बोलू."

"डबा खोलल्यावर वारंटी जाते भाऊ!"

"मेंढा गेल्यावर कळप जातो," म्हातारी बोलली.

धर्मसिंग हातातली रिकामी दोरी गुंडाळत निघून गेला. दिवाळी आली तशी गेली, मशीन काही आलं नाही. हिवाळ्यात मात्र मेंढरांचं वाडगं कोकरांनी भरलं.

पुढं नांदेडला कोमलनं ते मशीन पाहिलं. माझ्याहून शंभर पटीनं हुशार आहे, हे मीही मानतो. आता मी फळीवर असतो, अंगानं हलका, मनानं त्याहून हलका. बाबांनो, मला तोलू नका. कॅसेट लावा अन् समोर बसा. अजून हरवून दाखवतो.